सहा निशाणं आणि सात हार

"रांग सरळ करा. नाम्फामो, तुझं पोट रांगेच्या बाहेर आलंय."

"ते माझं नाही, आजीच्या लापशीचं आहे," नाम्फामो म्हणाला आणि पोट आत ओढायच्या खटपटीत लाकडी ढाल पायावर पाडून घेतली.

छावणीच्या तटाबाहेर, खेचरांच्या कुरणात पोरांची कवायत चालली होती. दुसऱ्या दिवशी निशाणांना गुलाब वाहायचा सण होता, म्हणून शाळेला सुट्टी. ग्रीक मास्तर घरी घोरत पडले होते आणि गावात कुणालाही त्यांची आठवण येत नव्हती.

पोरं मोजून आठ होती, म्हणजे बरोबर एक राहुटी. आमच्या रोमन फौजेत आठ शिपाई एका राहुटीत झोपतात, एका जात्यावर दळतात, एका खेचरावर सामान लादतात आणि एकाच हंडीवरून भांडतात. अशा दहा राहुट्यांची एक तुकडी, सहा तुकड्यांची एक पलटण आणि दहा पलटणींची अख्खी फौज. हे आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं.

"दहा आठे ऐंशी," नाम्फामो पाय चोळत म्हणाला. "मग तुकडीच्या सेंच्युरियनला शंभरांचा नायक का म्हणतात गं?"

"उरलेले वीस संडासात असतात," मागून रोगाता म्हणाली.

सगळे हसले. एक वेनुस्ता तेवढी हसली नाही. ती आजची सेंच्युरियन होती. डोक्यावर आईची पितळी गाळणी, हातात द्राक्षाच्या वेलाची काठी, आणि जागा रांगेच्या पुढे उजव्या टोकाला. रोगाता होती दुय्यम. दुय्यमाने लांब दांडा घेऊन रांगेच्या मागे उभं राहायचं आणि जो वाकडा होईल त्याला ढोसायचं, अशी रीतच आहे.

"दुय्यम, मागे गप्प राहा," वेनुस्ता म्हणाली.

रोगाताचा नुसता जळफळाट झाला. महिनाभरापूर्वी ती गाळणी रोगाताच्या डोक्यावर होती. तिचे बाबा, फाबातुस, पलटणीच्या पहिल्या तुकडीत दुय्यम होते. पहिली तुकडी म्हणजे मानाची, म्हणून खेळातही पुढची जागा रोगाताचीच. वेनुस्ताचे बाबा सिल्वानुस सहाव्या तुकडीचे निशाणदार. सहावी म्हणजे शेवटची. पण गेल्या महिन्याच्या कवायतीत या शेवटच्या तुकडीने सगळ्यांना मागे टाकलं आणि तिच्या निशाणाला सोन्याच्या पानांचं कडं मिळालं. पहिली तुकडी दुसरी आली. तेव्हापासून वेनुस्ता चालायची तीसुद्धा हनुवटी वर करून.

"उद्या त्या कड्यावर सगळ्या फौजेची नजर असणार," वेनुस्ता गाळणी सावरत म्हणाली. "बाबा आज त्याला खडूची पूड आणि शिरका लावून लख्ख करणारेत."

"हरवू दे ते मेलं एकदाचं," रोगाता पुटपुटली. पुटपुटणं जरा मोठ्यानेच झालं आणि बाकीच्या सातही जणांनी ते ऐकलं.

आणि दुपार कलायच्या आत कडं खरोखरच हरवलं.

सणाच्या आदल्या दिवशी पोरांना छावणीत मोकळीक असते. बातमी कळताच सगळी पोरं सहाव्या तुकडीच्या बराकीमागे धावली. सिल्वानुस भिंतीशी मटकन बसले होते. एरवी हा माणूस अस्वलाचं कातडं पांघरून निशाण घेऊन निघाला की कुत्रीसुद्धा वाट सोडायची. आज त्यांच्या तोंडावर रंग नव्हता.

"इथं खिळ्याला टांगलं होतं रे," ते म्हणाले. "पूड लावून वाळत ठेवलं आणि जरा पाठ टेकायला आत गेलो."

"जरा म्हणजे किती, काका?" नाम्फामोने विचारलं.

"जेवण झालं होतं," सिल्वानुस खाली बघत म्हणाले.

उद्या सकाळपर्यंत कडं मिळालं नाही तर काय होणार, ते कुणी सांगायची गरज नव्हती. निशाणदारी जाणार. अख्ख्या तुकडीला गव्हाऐवजी जनावरांचे जव मिळणार आणि झोपायला तटाबाहेरची उघडी जमीन. आणि ते कडं दुसऱ्या आलेल्या तुकडीला, म्हणजे पहिलीला, नवीन करून देणार.

वेनुस्ता रोगातासमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल झाले होते.

"तूच म्हणालीस ना हरवू दे? हरवलं. आता नाच."

"मी काय केलं गं? दिवसभर तुझ्याच मागे तो दांडा घेऊन उभी होते."

"तू नाहीतर तुझ्या तुकडीतलं कुणीतरी. तुम्हाला बघवत नव्हतं ते."

बघवत नव्हतं, हे खरंच होतं. म्हणून तर रोगाताला ते इतकं झोंबलं. "मी चोर शोधून तुझ्या पुढ्यात उभा करते," ती म्हणाली. "मग सगळ्यांसमोर माझी माफी माग."

ती खिळ्याजवळ गेली. भिंतीवर पांढरा ओघळ होता आणि खाली जमिनीवर तसेच पांढरे थेंब.

"पूड ओली होती," रोगाता म्हणाली. "ज्याने नेलं त्याच्या हातून ती गळत गेली. चला."

आमच्या पलटणीच्या सहा बराकी एकापुढे एक आहेत. थेंब सहाव्या बराकीपासून पाचवीकडे गेले होते. पाचवीच्या मागच्या दाराशी ते दाटीने पडले होते, म्हणजे नेणारा तिथे थांबला होता. मग चौथी, मग तिसरी. प्रत्येक दाराशी तोच प्रकार.

"हा कसला चोर?" नाम्फामो म्हणाला. "चोरी करून दारोदार गप्पा मारत चाललाय."

"किंवा काहीतरी गोळा करत चाललाय," वेनुस्ता सावकाश म्हणाली. "आज सहाही तुकड्यांच्या दारी कोण आलं होतं?"

बाकीची पोरं एकमेकांकडे बघायला लागली, रोगाता तेवढी जागीच थांबली. तिला माहीत होतं. गुलाबाचे हार वेताच्या कड्यांवर गुंफतात. प्रत्येक तुकडीचं एक कडं, आणि फुलं वाळली की ते बराकीच्या मागच्या दाराशी खिळ्याला टांगून ठेवायचं, पुढच्या वर्षीसाठी. सणाच्या आदल्या दिवशी ती कडी गोळा करून हार करणाऱ्या बायकांकडे पोचवायचं काम तुकड्यांकडे पाळीपाळीने येतं. यंदा पाळी पहिल्या तुकडीची होती. म्हणजे बाबांची.

वेताच्या कड्याशेजारी खडू फासलेलं सोन्याचं कडं. ऊन मी म्हणतंय, हातात कड्यांची चळत. बाबांनी दोन्ही उचलून खांद्याला अडकवली असणार. बाबांना घाई असली की ते पायातल्या चपलासुद्धा उलटसुलट घालतात.

"वाऱ्याने उडाले असतील थेंब," रोगाता म्हणाली आणि पायाने माती लोटली. "यातून काही कळत नाही. मी घरी जाते, आई वाट बघत असेल."

"आता कशी पळालीस?" मागून वेनुस्ता ओरडली. रोगाताने वळून पाहिलं नाही.

घरी आई आणि शेजारणी हार संपवून हातपाय ताणत होत्या. सहा हार ओल्या कापडाखाली टोपलीत होते. सातवा दारावर टांगलेला होता.

"बाबांनी एक कडं जास्तीचं आणलं होतं," आई म्हणाली. "म्हटलं, लावू आपल्या दाराला. छान दिसतंय ना?"

"आई, गुंफताना तू बघितलंस का त्याच्याकडे?"

"बघायचं काय त्यात? इकडे ही तिच्या सुनेचं सांगत होती."

आई शेजारणींना पोचवायला गेली तशी रोगाता स्टुलावर चढली. उंबऱ्यावर पांढरी भुकटी पडली होती. तिने दोन गुलाब बाजूला केले. आत सोन्याचं पान होतं.

ती स्टुलावरच बसून राहिली. बाबा आज पहाऱ्यावर होते, सकाळी थेट कवायतीला येणार होते. यंदा त्यांचं नाव सेंच्युरियनच्या बढतीसाठी वर गेलं होतं. कडं फाबातुसच्या दारावर सापडलं असं कळलं तर 'चुकून नेलं' यावर कोण विश्वास ठेवणार? हरलेल्या तुकडीच्या माणसाने चोरलं, असंच म्हणणार.

आणि काहीच सांगितलं नाही तर? कडं बाबांच्या तुकडीला मिळेल. पुढची जागा परत आपली. वेनुस्ताची हनुवटी खाली येईल. हा विचार रोगाताला गोड लागला, अगदी खोटं कशाला बोला. तिने तो बराच वेळ घोळवला. पण मग भिंतीशी मटकन बसलेले सिल्वानुसकाका दिसायला लागायचे आणि सगळी चव जायची.

सकाळी टोपली घेऊन छावणीत जाताना तिने दारावरचा हार काढून तिच्यात ठेवला आणि टोपलीतला एक तिथे टांगला. आईच्या ते लक्षातही आलं नाही.

मैदानावर पलटण उभी होती. पुढे सहा निशाणं, प्रत्येकाजवळ तुकडीतलं एक पोर, हार घालायला. रोगाताने पाच जणांना हार वाटून वेनुस्तासमोर टोपली धरली. वेनुस्ताने रात्रभर रडून डोळे सुजवले होते.

"हा तुझा. जड आहे, नीट धर," रोगाता कुजबुजली. "छावणीप्रमुख कड्याचं विचारतील तेव्हा फुलं बाजूला कर. आणि माझं नाव घेतलंस तर बघ."

वेनुस्ताने हार हातात घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले. तेवढ्यात शिंग वाजलं.

छावणीप्रमुख एकेक निशाण बघत आले. सहाव्यापाशी थांबले.

"सोन्याचं कडं कुठे आहे, सिल्वानुस?"

सिल्वानुसनी मान खाली घातली. वेनुस्ता पुढे झाली आणि तिने गुलाब बाजूला सारले. उन्हात सोन्याची पानं झळकली. सहाव्या तुकडीतून एकदम सुस्कारा निघाला. सिल्वानुसनी निशाण पुन्हा ताठ उभं धरलं.

"गुलाबात सोनं!" प्रमुख खूश होऊन म्हणाले. "इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. कुणाची कल्पना?"

वेनुस्ताने रोगाताकडे पाहिलं. रोगाताने जोरात मान हलवली.

"माझी," वेनुस्ता म्हणाली.

प्रमुखांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या वर्षीपासून हार असेच व्हावेत म्हणाले. शिपायांनी ढालींवर भाले आपटून तिचं कौतुक केलं. रोगाता हे बघत रिकामी टोपली धरून उभी होती आणि आतून पेटली होती. मान तिनेच हलवली होती, कबूल. पण वेनुस्ताने निदान अडखळायचं तरी. किती पटकन म्हणाली, माझी!

तेवढ्यात पहिल्या तुकडीच्या पार मागून कुणीतरी चालत यायला लागलं. दुय्यमाने कवायतीत मागची जागा सोडायची नसते. फाबातुसनी सोडली. हातातला लांब दांडा टेकत, दहाही राहुट्यांच्या रांगांजवळून ते पुढे आले आणि प्रमुखांसमोर उभे राहिले.

"साहेब, पोरगी खोटं बोलतेय," ते म्हणाले. "कड्यावर अजून खडू आहे. काल कडी गोळा करताना ते मीच उचललं, न बघता. ते माझ्या घरी गेलं, आणि माझ्या घरून ते इथवर कुणी आणलं असेल, ते मला आता कळतंय."

रोगाता दोन पावलं पुढे आली.

"बाबा, कशाला सांगितलंत?" ती कशीबशी म्हणाली.

"तू माझ्यासाठी चोरासारखी वागायला लागलीस, ते मला चालायचं नाही," बाबा म्हणाले.

प्रमुखांनी आधी फाबातुसकडे पाहिलं, मग सिल्वानुसकडे.

"एक माणूस सोनं खिळ्याला टांगून झोपतो, दुसरा ते वेत समजून घेऊन जातो. आणि ते परत आणायला शाळेतली पोर लागते." त्यांनी रोगाताला जवळ बोलावलं. "तुझी तुकडी कोणती?"

"पहिली."

"आणि कडं परत केलंस सहावीला. परक्या तुकडीचं भलं करणारी पोर मी या छावणीत पहिल्यांदा बघतोय. इथे मोठ्यांनाही ते जमत नाही."

ढालींवर पुन्हा भाले वाजले. या वेळी सगळ्यात आधी सहावी तुकडी वाजवत होती.

शिक्षा व्हायची ती झालीच. सिल्वानुस आणि फाबातुस, दोघांनाही महिनाभर जव. फाबातुसची बढती पुढच्या वर्षावर गेली. संध्याकाळी घरी आल्यावर ते बराच वेळ चपला हातात घेऊन बसून होते. आईने जवाची भाकरी पुढे ठेवली. ती कडक होती आणि तिच्यात कोंडा होता. रोगाता बाबांना खेटून बसली आणि त्यांच्याच ताटातली खायला लागली.

"तुझी गव्हाची आहे की," बाबा म्हणाले.

"मला हीच हवीय."

दारात वेनुस्ता आली. हातात कापडात गुंडाळलेला पाव होता, वर सहाव्या तुकडीचा शिक्का.

"आमच्या तुकडीने पाठवलाय. प्रत्येक राहुटीने मूठमूठ पीठ काढलं," ती म्हणाली. मग पाव पुढे करत म्हणाली, "चोर म्हटलं त्याबद्दल चुकलं माझं. सगळ्यांसमोर म्हणायचं ठरलं होतं ना? ये उद्या कुरणात, तिथे म्हणते."

"नाव घेऊ नकोस म्हटलं होतं, पण 'माझी' म्हणायला इतकी घाई कशाला केलीस?"

"घाबरले होते गं. आणि खरं सांगू? क्षणभर वाटलं, खरंच माझी असती तर बरं झालं असतं. तुझ्यासाठी भाले वाजले ना, तेव्हा मला बघवत नव्हतं."

रोगाताला हे ऐकून फार बरं वाटलं. इतकं बरं तिला मैदानावर भाले वाजले तेव्हाही वाटलं नव्हतं. तिने पाव मोडला, पहिला मोठा तुकडा बाबांच्या ताटात ठेवला आणि दुसरा तोंडात टाकला.

"आमच्या तुकडीचा जास्त मऊ असतो," ती चावत म्हणाली.

"मग खाऊ नकोस," वेनुस्ता म्हणाली, आणि तिच्या शेजारी बसून उरलेल्यातला अर्धा तिने स्वतः घेतला.