लाइटहाउसच्या खोक्यातली नायिका

लाइटहाउसच्या जुन्या पोस्टकार्डांच्या खोक्यात हात घालायला वैभवी वाकली, तर तिथे एक हात आधीच होता. लांब बोटांचा, पावसाने भिजलेल्या बाहीचा आणि भलताच निवांत.

"अरे देवा," ती पुटपुटली.

हाताचा मालक हसला. "मराठी? तू पण?"

आता या 'अरे देवा'चं कारण सांगायला हवं. एडिनबराच्या त्या चर्च हॉलमध्ये जुन्या पोस्टकार्डांचा बाजार भरला होता. वैभवी मूळची नागपूरची, इथे बँकेत नोकरीला, आणि जुन्या नटनट्यांच्या फोटोकार्डांसाठी अक्षरशः वेडी. सकाळी तिला घबाडच सापडलं होतं. नऊवारी, नथ, खांद्यावरून ओघळलेला शेला, आणि खाली छापलेलं नाव - मास्टर दामोदर. संगीत नाटकात बायकांची कामं करणारा पुरुष, पण काय तो तोरा! मात्र विकणाऱ्या बाईंना रोखच पैसे हवे होते आणि त्या कुणासाठी काही राखून ठेवत नव्हत्या. मग आमच्या वैभवीने काय करावं? ते कार्ड हळूच लाइटहाउसच्या खोक्यात पार मागे सरकवलं आणि एटीएमकडे धूम ठोकली. लाइटहाउस कोण बघतंय! कार्डं जमवणाऱ्यांमध्ये असं कार्ड दडवण्याहून हलकं काम नाही. हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी केलं.

"मी कुश. कॉव्हेंट्रीचा," तो म्हणाला. "इथे हॉस्पिटलमध्ये फिजिओ आहे. माझा मराठी थोडा वीक आहे, हसू नको."

"नाही हसत. मी वैभवी. तुला लाइटहाउस आवडतात?"

"छे, बोअर. पण थिएटरच्या बॉक्समध्ये काही नाही मिळालं, सो आता सगळे बॉक्स बघतोय. लोक चुकीच्या जागी ठेवतात ना."

वैभवीचे कान गरम झाले. "कुणाला शोधतोयस?"

"माझे पणजोबा. स्टेजवर लेडीजचे रोल करायचे. मास्टर दामोदर. तू बघितलं का असं कार्ड?"

तिथेच हो म्हणाली असती तर सगळं सरळ होतं. पण जीभ वळली ती भलतीकडेच.

"नाही रे," ती म्हणाली, आणि वर गोड हसून, "आधी चहा घेऊ या? पार भिजलायस तू."

खोक्यापासून त्याला लांब न्यायचं, एवढाच डाव. हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून तिने त्याला बोलण्यात असं गुंतवलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

"सगळ्या पेशंटांकडे बघून असाच हसतोस?"

"नाही. त्यांना दुखत असतं." त्याने डोळे बारीक केले. "तुला कुठे दुखतंय?"

"अजून तरी... नाही."

खिडकीवर पाऊस टपटपत होता. कुशने चहाबरोबरच्या स्कोनचा, त्या गोडसर पावाचा, मोठा तुकडा न विचारता तिच्याकडे सरकवला, आणि वैभवी हसली. आता ती हसत होती ते खोक्यासाठी नव्हतं.

"घरी त्यांचा एकही फोटो नाही?" तिने विचारलं.

"आजोबांनी सगळे जाळले. शाळेत त्यांना चिडवायचे... तुझा बाप साडी नेसतो. माझ्या बाबांनी कधी तो चेहराच नाही बघितला. आणि आता बाबांची नजर जातेय. एक डोळा गेला, दुसरा पण..." तो थांबला. "मला ना, आजोबांच्या लाजेची लाज वाटते."

वैभवीने हातातला कप खाली ठेवला. गप्प बसलं की कार्डही मिळेल आणि बहुतेक हा मुलगाही. पण ते कार्ड ती लावणार कुठे? कुश घरी आला की पालथं करून ठेवणार? आणि सांगावं तर आत्तापर्यंतचं तिचं प्रत्येक हसू त्याला खोटं वाटणार. बाई गं, स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

"चल, उरलेले बॉक्स बघू," कुश उठला.

"कुश - थांब. ते कार्ड त्याच खोक्यात आहे. सगळ्यात मागे. मी... मीच लपवलंय."

त्याच्या चेहऱ्याकडे न बघताच ती गेली, कार्ड काढलं, बाईंच्या हातावर पैसे ठेवले आणि परत येऊन ते त्याच्यापुढे धरलं.

"मला लाज वाटतेय," ती म्हणाली. "खूप."

त्याने कार्ड हातात घेतलं आणि खालचं नाव वाचलं.

"आणि ही चहा? मला तिथून लांब ठेवायला?"

"सुरुवातीला... हो."

"आणि नंतर?"

"नंतर नाही. पण आता तू विश्वास कशाला ठेवशील?"

कुशने फोन काढला आणि वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. संपली गोष्ट, वैभवीला वाटलं. तिने पर्स खांद्याला लावली.

"जवळ धर," फोनमधून आवाज आला. "अजून जवळ..." कुशने कार्ड कॅमेऱ्याला जवळजवळ टेकवलं. "अरे, हे नाक तर माझंच आहे की रे." आवाज भरून आला होता. "कुणी शोधलं?"

कुशने वैभवीकडे पाहिलं. "हिने. आधी लपवलं होतं, स्वतःसाठी. मग दिलं." आणि फोन तिच्याकडे वळवला.

धरणीने पोटात घ्यावं असं झालं तिला. मान खाली घालून ती कशीबशी म्हणाली, "नमस्कार काका."

"किती वेळ लपवलं होतंस गं?"

"सकाळपासून..."

काका हसले. "आमच्या घराने तीन पिढ्या लपवलं, बाळा. तू एका दिवसात काढून दिलंस. मान वर कर बघू. नीट दिसू दे मला."

डोळे भरलेलेच होते, तरी वैभवीने मान वर केली.

बाबांचा निरोप घेऊन कुशने फोन बंद केला आणि टेबलावर ठेवला. "बाबांनी बघितलं," तो म्हणाला. "आता... मला बघू दे."