नर जंताच्या शोधात

डोंगरातल्या गुहेत वटवाघळं पटापट मरत होती आणि त्यांना काय झालंय हे शोधायला आम्ही दोघी आत शिरलो होतो. मी जंतांची अभ्यासक. माझ्या वन्सं गुहा धुंडाळण्यात मुरलेल्या. मेलेल्या वटवाघळांच्या आतड्यांत केसासारखे बारीक जंत सापडत होते, पण सगळ्या माद्या! नर मिळाल्याशिवाय त्यांची जात ठरत नव्हती.

अगदी आतल्या दालनात नुकत्याच मेलेल्या एका वटवाघळाचं पोट मी उघडलं. भिंगाखाली एका जंताची शेपटी आकड्यासारखी वळलेली दिसली.

"वन्सं, नर मिळाला."

"मग गाशा गुंडाळ. पाण्याचा आवाज बदललाय."

वर डोंगरावर पाऊस कोसळला असावा. आम्ही खाली उतरेपर्यंत गुहेतला ओढा कमरेला लागला. वन्संचा पाय घसरला, दोन खडकांत अडकला आणि नडगी मोडली. हाड कातडी फोडून बाहेर आलं. पुढच्या बोळात पाणी आणि छत यांच्यात जेमतेम वीतभर जागा उरली होती.

"तू जा," त्या दात आवळून म्हणाल्या. "माझ्या भावाला बायको परत हवीय."

"आणि मी त्यांना काय सांगू? बहीण बुडायला ठेवून आले?"

नमुन्यांची हवाबंद पेटी कुप्यांनी गच्च भरली होती. रिकामी केली तर ती तरंगणार होती. मी सगळ्या कुप्या पाण्यात ओतल्या. नराची तेवढी ठेवली. अंगातल्या रबरी पोशाखाला खिसा नव्हता, म्हणून ती दातांत धरली. पेटी वन्संच्या छातीशी बांधली आणि त्यांना ओढत बोळात शिरले.

नाक छताला घासत होतं. पाणी चढत होतं. मधेच पेटी निसटली. वन्सं खाली गेल्या! त्यांच्यामागे बुडी मारायची तर छाती भरून श्वास हवा होता. मी कुपी थुंकून टाकली, श्वास घेतला आणि बुडी मारली. हाताला हेल्मेटखालून सुटलेले केस लागले. ओढलं.

बाहेर संध्याकाळ होत आली होती. मी त्यांच्या जखमेच्या कडा दाबून बसले.

"तुझा नर?"

"गेला."

डोक्यावरून वटवाघळं निघाली होती. त्यातलं एक भेलकांडत आमच्याशेजारी आपटलं आणि पंख फडफडवू लागलं. मी नुसती बघत राहिले. रक्त थांबेना, हात उचलायची सोय नव्हती.

वन्संनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, कण्हत अंग वळवलं आणि ते त्याच्यावर उपडं घातलं.

"हे धर तुझं," त्या म्हणाल्या. "आता माझ्यासाठी कुणाला तरी हाक मार."