इंजिन निवेपर्यंत

"झालं का तुमचं? लावू का केबल?"

इंजिनरूमच्या दारातून मी ओरडले, आणि आतले चौघे जागच्या जागी थिजले. चौघांचेही तळवे इंजिनाच्या अंगावर. वळून पाहिलं ते एकानंच... पापण्यांवर काजळी, डोळ्यांत हसू.

"बोललात," तो कुजबुजला. "आता अडकलात."

"म्हणजे?"

"इंजिन निवेपर्यंत इथं कुणी बोलत नाही. जो बोलेल त्यानं शेवटपर्यंत हात लावून बसायचं."

"आणि तुम्ही आत्ता बोललात ते?"

तो चपापला. बाकीचे तिघे गालातल्या गालात हसत उठले आणि आम्हां दोघांना इंजिनाच्या हवाली करून वर निघून गेले.

मी धक्क्यावरची वायरमन. बाई असले तरी वायरमनच म्हणतात. सरकारी नियम आला तेव्हापासून जहाज धक्क्याला लागलं की त्यानं इंजिन बंद करायचं आणि किनाऱ्याची वीज घ्यायची. धूर नको, कार्बन नको. धूर गेला आणि आईचा खोकलाही गेला. पण आवाज गेला त्याचं काय? ऐन कामाच्या वेळी धक्का असा मुका पडे, की धुक्यात ओला दोर पीळ घेई तेसुद्धा ऐकू येई... जसं कुणी श्वास घ्यावा.

मी तळवा टेकला. लोखंड थंडावत होतं. आणि आत, खोल—

ठक्.

"बंद आहे ना हे?"

"बंद आहे."

ठक्.

"मग हे काय?"

"तुमच्याही हाताला लागतंय?" त्याचा आवाज एकदम लहान झाला. "मला वाटायचं, मी आणि माझा दादाच."

जहाज आठवडाभर थांबलं. केबल तपासायच्या निमित्तानं मी रोज शिडी चढत होते.

"बिजलीबाई, केबल फारच आजारी दिसते. रोज नाडी बघायला येता."

"नाडी कुणाची बघते, ते विचारा की."

तो लाजला... काजळीखालूनही कळलं.

मग एका दुपारी सगळं सांगून मोकळा झाला. नियम आणखी कडक होणार होता. हे इंजिन जुनं, धुराचं. यापुढं कुठल्याच बंदरात त्याला थारा नव्हता. इथून निघून जहाज थेट तोडायलाच जाणार. ज्याला उतरायचं त्यानं इथं उतरावं.

"याच्या जोडीचं जहाज तोडायला नेलं, तेव्हा दादा त्याच्यासोबत गेला होता," तो म्हणाला. "परत आला. पण दिवसभर भिंतीवर तळवा ठेवून बसतो. वहिनी हाका मारते. तो एवढंच म्हणतो, अजून निवलं नाही."

"मग उतरा ना इथं!"

"ते बोलावतं हो..." त्याची नजर इंजिनावरून हलेना. "तुमच्या नियमानं मारलं त्याला. एकट्यानं कसं जाऊ देऊ?"

"नियम माझा नाही. आणि तो धूर माझ्या आईच्या छातीत होता." मी उठले. "पण तुम्ही भिंतीशी बसलेले... मला नाही बघवणार."

त्यानं तळवा पुन्हा इंजिनावर टेकला.

निघायच्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की जहाज नुसतं सावली वाटत होतं. इंजिन सुरू झालं. मी केबल काढली, दोर सुटले, शिडी वर गेली. वर बघायची हिंमत होईना. जहाज धुक्यात गेलं, इंजिनाचा आवाजही विरला.

"बिजलीबाई..."

पाठीमागे तो. खांद्यावर पिशवी, चेहरा पांढराफटक.

"किती शांत आहे हो इथं... काहीतरी बोला. थांबू नका."

त्याचा तळवा हवेत भिंत चाचपत होता. मी तो धरला. बर्फासारखा गार. आणि समुद्राकडं ओढ घेणारा.

मी बोलत सुटलेच. मुकादम उभ्या उभ्या घोरतो ते सांगितलं. माझं लग्न वायरच्या भेंडोळ्याशी लागणार, असं आई म्हणते तेही सांगितलं. तो हसला, पण पाऊल पाण्याच्या दिशेनं पडलं. बोलायचं सगळं संपत आलं. उरलं एकच, जे मी कधीच बोलणार नव्हते.

"आवडता तुम्ही मला. खूप."

पाऊल थांबलं.

"परत बोल."

"तेच?"

"तेच."

"तेच तेच काय बोलायचं..."

"बोल ना ग!"

मी बोलले. धुक्यातून, फार लांबून, कुणी हाक मारावी तसा एक ठोका आला. त्याची बोटं माझ्या हातातून सुटू पाहू लागली.

मी आवाज चढवला.