आठवी सही

ठरलं होतं एवढंच – मुकुटबनचा माणूस दुपारी दोनला घाटंजीच्या एसटी स्टँडवर येईल, काखेत पेपर धरून. पण २००६ सालच्या त्या कापसाच्या हंगामात खुणेचा असा बट्ट्याबोळ झाला की विचारू नका! नेमकी त्याच दिवशी पेपरात कापसाच्या भावाची बातमी. स्टँडवर ज्याच्या त्याच्या काखेत पेपर.

अश्वजितने त्यातल्या त्यात हसऱ्या डोळ्यांचा एकजण गाठला.

"मुकुटबनवरून?"

"हो... तिकडूनच आलो."

झालं! टपरीमागच्या बाकावर बसून अश्वजितने सगळं सांगून टाकलं. पुरुषांवरच जीव जडतो अशा आपल्यासारख्यांची संस्था काढायची, रीतसर नोंदणी करून. सात सह्या लागतात, सहा झाल्यात. तो स्वतः सचिव. "सातवे तुम्ही," म्हणत त्याने सहा नावांचा कागद आणि पेन पुढे केला. पेन घेताना त्या माणसाची बोटं त्याच्या बोटांना लागली... आणि तिथंच राहिली. अश्वजितनेही हात मागे घेतला नाही.

"अश्वजितभाऊ?" मागून आवाज आला. "मी देवसिंग, मुकुटबनचा. बस पंक्चर झाल्ती."

अश्वजितने कागद चटकन ओढून घेतला. एका परक्या माणसाला सहाही नावं दाखवून बसलो आपण! गावभर झालं तर? देवसिंग सही करून चहा सांगायला गेला, तरी अश्वजितची नजर त्या परक्यावरच.

"तुम्ही... कोण?"

"आमिर. मेकॅनिक. मुकुटबनले ट्रॅक्टर सुधराले गेलतो."

"मंग मले थांबवलं काहून नाही?"

"थांबवलं असतं तर तुम्ही चूप झाले असते." आमिर पेपराची घडी उगाच घालत होता, मोडत होता. "मले वाटे, पुऱ्या जिल्ह्यात मी एकटाच आहो. तुम्ही सहा नावं दाखवले... लय बरं वाटलं."

अश्वजितला हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

"पण आता सात तर झाले."

"आठवं नाव चालत नाही का?"

"चालते ना! सदस्य लिहू?"

"सचिव कोण म्हटलं तुम्ही?"

"मी."

"मंग सहसचिव लिहा. बैठकीत तुमच्या बाजूले बसाले भेटते."

"बैठक महिन्यातून एकदाच असते..." अश्वजित कानापर्यंत लाजला.

"रोज ठेवा," आमिर म्हणाला, आणि त्याने सही केली – पूर्ण नावाची.