निळ्या पडद्यावरचा पासवर्ड

"मेलं हे ग्राफिक्स कार्ड!" मैत्रेयी लॅपटॉपवर करवादली, आणि टेबलापलीकडच्या माणसानं मान वर केली.

"मेलेलं नाही… ड्रायव्हर नसेल," तो चक्क मराठीत म्हणाला.

झालं! जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या रिपेअर-कॅफेत, एका आजोबांचा टोस्टर आणि एका बाईंचं शिलाई मशीन यांच्या मधोमध दोघांची गाठ पडली ती अशी. शार्दूल मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. शनिवारी दुपारी हौसेनं इथे लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायला बसायचा. मैत्रेयी इथल्या विद्यापीठात मास्टर्स करत होती आणि तिचा सात वर्षांचा लॅपटॉप पार धापा टाकत होता. शार्दूलनं त्यावरचं विंडोज काढून एक हलकंसं लिनक्स घालून दिलं आणि लॅपटॉप पळू लागला.

त्यानंतर दर शनिवारी लॅपटॉपला काही ना काही होऊ लागलं. एकदा वायफाय गेलं, एकदा आवाज गेला. खरं सांगायचं तर आवाज बाईसाहेबांनीच बंद करून आणला होता. शार्दूल हसला की उजव्या गालावर खळी पडायची… आता ती बघायला काहीतरी निमित्त नको?

चौथ्या शनिवारी ड्रायव्हरचा नंबर लागला. तिच्या थीसिसमधलं मोटारीचं मॉडेल पडद्यावर अडखळत फिरायचं. कार्डाच्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, घातल्याशिवाय ते सुधारणार नव्हतं.

"आल्झो… चल, सुरू कर," शार्दूल खुर्ची सरकवत म्हणाला. कॅफेचा नियमच तसा होता. ज्याची वस्तू त्यानंच हात चालवायचा, मदतनिसानं शेजारी बसून फक्त सांगायचं.

तिनं टाइप करायला घेतलं. तो सहज बोलून गेला, "आज पूर्ण करू या. पुढच्या शनिवारी मी नसेन."

"का रे?"

"नेकारसुल्मला नवी नोकरी. एक तारखेपासून."

मैत्रेयी टाइप करायची थांबली. गाडीनं चार-साडेचार तास! तिथून कोण कशाला येतंय एका आवाज गेलेल्या लॅपटॉपसाठी? बोल ना, बोल, असं ती स्वतःलाच म्हणत होती.

"हा ड्रायव्हर बाहेरचा, म्हणून लॅपटॉप त्याच्यावर विश्वास ठेवत नाही," तो समजावत होता. "आता एक पासवर्ड ठरव. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येईल, तो हाच पासवर्ड मागेल." आणि त्यानं शहाण्या मुलासारखी मान भिंतीकडे वळवली.

जे तोंडानं निघत नव्हतं ते तिनं बोटांनी इंग्रजी अक्षरांत लिहून टाकलं. कोण वाचणार होतं?

निळा पडदा आला. तिनं पासवर्ड दिला. चूक. पुन्हा दिला, पुन्हा चूक.

"झेड किंवा वाय आहे का त्यात?" भिंतीकडे बघतच त्यानं विचारलं.

"दोन्ही आहेत."

"गेनाऊ! अगदी बरोबर! हा निळा पडदा अमेरिकन कीबोर्ड धरून चालतो. जर्मन कीबोर्डवर ही दोन अक्षरं उलटी असतात. झेडच्या जागी वाय दाब, वायच्या जागी झेड. आणि सावकाश. ही शेवटची संधी."

शेवटची संधी! घाबरून ती प्रत्येक अक्षर पुटपुटत दाबू लागली. "एम… ए… आता झेड, म्हणजे वाय दाबायचं… मग वाय, म्हणजे झेड… ए… एस…"

मान वळवता येते हो, कान कसे वळवणार?

शेवटचं 'बी' दाबून तिनं एंटर मारलं. या वेळी पासवर्ड चालला. लॅपटॉप सुरू झाला आणि मॉडेल न अडखळता गरगर फिरू लागलं. "झालं, झालं!" म्हणत ती वळली. शार्दूल मॉडेलकडे बघतच नव्हता.

"माझ्यासाठी थांब," तो हळूच म्हणाला. "हेच ना?"

तिचे कान तापले. "तू… ऐकलंस?"

"अक्षरं जुळवत होतो. चुकलो असेन तर सांग."

"नाही चुकलास." आता लपवण्यासारखं उरलं तरी काय होतं? तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "थांब ना, शार्दूल. मला तू आवडतोस."

त्यानं खेदानं मान हलवली. "थांबता नाही येणार गं. सही केलीय." मग त्यानं कान खाजवला. "पण एक सांगू? हा ड्रायव्हर मी पहिल्याच शनिवारी घालून देऊ शकलो असतो. अर्ध्या तासाचं काम. मुद्दामच ठेवला."

"मुद्दाम? आणि मी महिनाभर ते अडखळतं मॉडेल बघत बसले! का?"

"तू पुन्हा यावीस म्हणून."

ती त्याच्या दंडावर चापट मारायला गेली, पण हात तिथेच राहिला. त्यानं त्यावर आपला हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं फोनवर रेल्वेचं ॲप उघडलं.

"शुक्रवारी चारला सुटलो की रात्री इथे पोचेन. स्टेशनवर येशील?"

"येईन," ती म्हणाली. "आणि परतीचं तिकीट रविवारचं काढ. शनिवारचं काढलंस तर बघ!"