खिंडीतला उखाणा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. सुधामावशीला त्याने काही फरक पडत नाही. "लिही, पण मीठमसाला लावू नकोस," एवढंच तिने मला बजावलंय. म्हणून जसं घडलं तसंच लिहितेय.

गेल्या वर्षीचा सप्टेंबर. शनिवार. भर दुपारचे दोन.

जागा जर्मनीत, लुडविग्सहाफेनपासून गाडीने तासाभरावर. जंगलातली तांबड्या दगडाची एक अरुंद खिंड. नाव सांगत नाही. उगाच कुणीतरी बघायला जायचं.

मावशी आणि दिनकरकाका तीन महिन्यांसाठी मुलाकडे गेले होते. त्यांचा तनय तिथे केमिकल इंजिनिअर आहे. त्यानेच ही गाइडेड टूर बुक केली.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात मावशीने काकांना कधी नावाने हाक मारली नाही. 'अहो' म्हणजे 'अहो'. नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही कुणी फारच आग्रह केला तर.

काका चिडवायचे, "एकदा तरी नुसतं दिनकर म्हण की गं. मरायच्या आधी ऐकू दे."

"मग तर मुळीच म्हणणार नाही," मावशी म्हणायची.

खिंडीच्या तोंडाशी दहा माणसं जमली. सगळ्यांना हेल्मेट दिली. हाइके नावाच्या गाइडबाईने यादी वाचली. काकांच्या नावाचं तिने 'डिंकार' केलं, आणि काकाच सगळ्यांत जास्त हसले.

मग तिने नियम सांगितले. तनयने मराठीत करून सांगितले, "आई, एकामागे एक चालायचं. मागे फिरायचं नाही. बाजूच्या फटींत शिरायचं नाही."

पुढे हाइके, मग बाकीचे, मग तनय, मग मावशी. सगळ्यात शेवटी काका.

आत गार होतं. दोन्ही खांदे भिंतींना घासत होते. वर आभाळाची एक चिंधी. पाणी ठिबकत होतं, आणि मागे काकांचे नवे बूट चर्रचर्र वाजत होते.

चर्र... चर्र... चर्र...

आणि मग वाजेनासे झाले.

पाण्याचा आवाजही थांबला...

"दिनकर..."

मावशीच्या अंगावर काटा आला. हाक मागून आली होती. आवाज तिचा होता.

तिचं तोंड मिटलेलं होतं.

"आलो गं, आलो!" काका ओरडले. खूश होऊन. लांबून कुठूनतरी.

मावशीने वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

तनय थांबला होता. त्याचा चेहरा उतरला होता. "आई... तू इथेच आहेस ना? मग बाबांना हाक कुणी मारली?"

उत्तर द्यायला मावशी थांबली नाही. ती उलटी फिरली. पुढून हाइके जर्मनमध्ये ओरडली, "नाइन! नाइन!" म्हणजे नाही, नाही. मागे जायचं नाही, तिथेच थांबायचं, ती मदत बोलावते.

"तुझं नाइन ठेव तुझ्यापाशी," मावशी मराठीतच म्हणाली आणि निघाली. गुडघे दुखत होते तरी निघाली. मागोमाग तनय.

पन्नासेक पावलांवर डाव्या हाताला एक फट होती. आडवी साखळी लावलेली.

साखळीच्या अलीकडे काकांचे बूट होते.

नीट, जोडीने काढून ठेवलेले. मोजे आत खोचलेले. घरात शिरण्याआधी माणूस उंबऱ्याबाहेर ठेवतो तसे...

फट जेमतेम दीड वीत रुंद. काकांचं पोट तिथून जाणं शक्यच नव्हतं. पण आत, अंधारात, काकांची पाठ दिसत होती. अनवाणी पायांनी ते सावकाश पुढे चालले होते.

"दिनकर... ये ना..."

"अहो!" मावशी ओरडली.

काका वळले नाहीत.

आतून तोच स्वर परत आला. "अहो..."

आता मावशी घाबरली. हा माणूस आपल्याला परत मिळत नाही, असं तिला स्पष्ट वाटलं. आयुष्यभर त्यांनी जे मागितलं ते आपण दिलं नाही, आणि आत कुणीतरी ते फुकट वाटत बसलंय. पण मावशीचं एक आहे. घाबरली की तिला राग येतो.

तिने पदर खोचला, साखळीवर हात आपटला आणि भर खिंडीत खणखणीत आवाजात उखाणा घेतला.

"खिंडीच्या भिंतीवर हिरवंगार शेवाळ,
दिनकररावांना नेशील तर माझ्याशी गाठ आहे, सांभाळ!"



आतून काहीच आलं नाही.

मग अंधारात कुणीतरी खुदकन हसलं. ते काका होते.

"सुधा? तू बाहेर आहेस? मग आत कोण हाक मारतंय?"

"ते नंतर बघू. आधी बाहेर या. आणि बूट घाला, पाय गारठतील."

दीड वितीच्या फटीतून काका बाहेर कसे आले, ते तनयलाही सांगता येत नाही. तो तिथेच उभा होता, तरीही. काकांच्या शर्टावर तांबडी धूळ होती. अंगावर खरचटल्याची एक खूण नव्हती.

नोव्हेंबरात दोघं मिरजेला परतले. मला वाटलं, संपलं.

परवा मावशीचा फोन आला होता. गणपतीला कधी येतेस, वगैरे चाललं होतं. ती माझ्याशी बोलत असतानाच तिच्या मागून, स्वयंपाकघराच्या बाजूने, तिचाच आवाज आला. शांत, सावकाश.

"खिंडीच्या भिंतीवर... हिरवंगार शेवाळ..."

तेवढंच. पुढे काही नाही.

"मावशी... हे..."

"हो, रोज येतं," मावशी म्हणाली. "आधी नुसतं नाव होतं. आता एक ओळ पाठ झालीये."

"आणि काका?"

"बसलेत समोर, पेपर वाचत. मी नवा उखाणा घेतल्याशिवाय ते जागचे उठत नाहीत, खरी मी कोणती ते कळायला नको? रोज नवा रचते. आत्तापर्यंत अडीचशे झाले. करू दे म्हणावं पाठ, बघू आधी कोण थकतं!"

मग फोन बाजूला धरून तिने उखाणा घेतला. काका हसत उठल्याचं ऐकू आलं. खुर्ची सरकली.

मी फोन ठेवला नव्हता. स्वयंपाकघराच्या बाजूने कुणीतरी नवी ओळ हळूहळू म्हणून बघत होतं...