रडगाण्यावर तीन टाळ्या

हिसानोनं छत्री मिटली आणि ती जागच्या जागी थबकली. देवळाच्या पटांगणातल्या कर्ण्यातून तिचंच गाणं येत होतं.

चाल तिची, शब्द तिचे, आवाजही तिचाच. पण तो आवाज शाळकरी पोरीसारखा चिवचिवत होता आणि गाणं असं धावत होतं, जणू पाठीमागे कुत्रं लागलंय. मधल्या लाकडी मचाणावर एक तरुण ढोल बडवत होता. आणि भोवती गावातल्या बायका गोल धरून, टाळ्या वाजवत, खिदळत नाचत होत्या!

इसोबे बंदरात ती बसमधून उतरली होती ती उकाड्यानं जीव घाबरा झाला म्हणून, काहीतरी गार प्यायला. निघाली होती पुढच्या गावी, थोरल्या बहिणीकडे. तोक्योत सहा वर्षं तिनं गाणी रचली आणि गायली. पहिल्या गाण्यानं नाव केलं, मग एकेक पडत गेलं. हे शेवटचं तर तिचा माणूस तिला सोडून गेला तेव्हाचं. रडत रचलं, रडत गायलं... आणि दुकानांतून जवळजवळ सगळ्या तबकड्या परत आल्या. आणखी एक गाणं देणार की थांबणार, ते तबकड्यांच्या कंपनीला पितरांचा सण झाल्यावर कळवायचं होतं. हिसानोचं ठरलं होतं. थांबायचं. बहिणीच्या मिठाईच्या दुकानात बसायचं.

"अगं पोरी, खांबासारखी उभी काय राहतेस?" एका गुबगुबीत बाईंनी तिचं मनगट धरलं. "मी ओत्सुनेकाकू. चल, हात वर! सण परवावर आला."

तिला गोलात ओढलंही. दोन पावलं पुढं, एक मागं... हिसानो नेमकी उलटी वळली आणि शेजारणीवर आदळली.

"ओ छत्रीवाल्या बाई!" वरून ढोलवाला ओरडला. "टाळ्या तीन! दोन नाही!"

"या गाण्यात टाळ्या नाहीतच मुळी!" हिसानो तडकली.

"आम्ही घातल्यात. तुमची काही हरकत?"

हरकत होती. तालीम संपताच ती मचाणाखाली जाऊन उभी राहिली. तो उतरला. उन्हानं रापलेला चेहरा, कानामागे पेचकस खोचलेला. सेइगो त्याचं नाव. होड्यांवरचे रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं जवाचा गार चहा पुढं केला.

"हे दुःखाचं गाणं आहे," ती म्हणाली. "माणूस सोडून गेलाय तिचा."

"ठाऊक आहे. फार रडत होती बिचारी. म्हणून तबकडीच्या यंत्राचा वेग थोडा वाढवला. म्हटलं, लवकर सुटेल."

हिसानोला राग आणायचा होता. पण हसूच फुटलं. चहा नाकात गेला.

"आणि मी म्हणते," ओत्सुनेकाकू मध्येच म्हणाल्या, "पितर वर्षातून एकदा घरी येतात. त्यांच्यापुढं रडगाणं लावायचं? चाल गोड आहे म्हणून मीच निवडली."

"चाल... गोड आहे?"

"पोरी, मी दळताना, धुताना तीच गुणगुणते."

हिसानोनं मान वळवली. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. सेइगोनं ते पाहिलं आणि तिची प्रवासाची पेटी उचलली. "काकूंकडं खोली रिकामी आहे. टाळ्या शिकायला दोन दिवस लागतीलच तुम्हाला."

बहिणीला फोन गेला: दोन दिवस उशीर होईल.

ते दिवस कसे गेले, कळलं नाही. वाळत घातलेल्या माकूळ मासळीचा वास, झाडांवर किरकिरणारे किडे, आणि मचाणाच्या पायरीवर बसून सेइगोचं शिकवणं. टाळी चुकली की तो काठीच्या टोकानं तिच्या मनगटाला हलकेच टोचायचा. मग ती मुद्दाम चुकायला लागली... आणि हे त्याला कळल्यावर तोही जास्तच कडक मास्तर झाला.

"तुम्ही काय करता तोक्योत?" त्यानं एकदा विचारलं.

"काही नाही. सोडलंय."

सणाच्या संध्याकाळी कंदील लागले. अख्खं गाव सुती किमोनो घालून जमलं. पहिल्या ओळीलाच यंत्र घरघरलं आणि गप्प झालं.

"दुनियेचे रेडिओ दुरुस्त करतोस," ओत्सुनेकाकू कडाडल्या, "आणि आपलंच यंत्र असं?"

सेइगो घामाघूम. आत पट्टा तुटलेला, दुसरा नाही. गोलातल्या बायकांचे उचललेले हात हळूहळू खाली येऊ लागले.

महिनोन्महिने हिसानोनं सूर लावला नव्हता. लावला आणि रडूच आलं तर? या सगळ्यांसमोर? पण ते खाली येणारे हात तिला बघवेनात. ती मचाणावर चढली.

"ढोल घ्या," ती त्याला म्हणाली.

तिनं पहिली ओळ संथ गायली, रचली होती तशी. सेइगोच्या काठ्या हवेतच राहिल्या. हा आवाज त्याला ओळखू आला होता! मग त्यानं एक ठोका दिला, अगदी हळू. तिच्याकडं पाहिलं. दुसरा ठोका जरा लवकर. पुन्हा पाहिलं. चालेल ना?

तिनं मान डोलावली.

मग गाणं सुटलं. "तू गेलास, दार उघडंच राहिलं" या ओळीला खाली खणखणीत तीन टाळ्या पडल्या आणि हिसानोला गाता गाता हसू आलं. ज्या माणसासाठी ते रचलं, त्याचा चेहराही नीट आठवेना. चार वेळा गायलं, तरी बायका थांबेनात.

खाली उतरल्यावर सेइगो मान खाली घालून उभा.

"तुम्हीच त्या... आणि मी तुमच्या दुःखाचे बारा वाजवले."

"बरं झालं. फार दिवस चाललं होतं ते." ती थांबली. "उद्या कंपनीला फोन करीन. नवं गाणं देते म्हणून."

"म्हणजे तोक्योला जाणार." त्यानं काठ्या या हातातून त्या हातात घेतल्या. "मग... पुढच्या सणाला या. सणाच्या मंडळाला तुमची गरज आहे."

"मंडळाला कशाला!" कंदिलाआडून ओत्सुनेकाकूंचा आवाज आला. "नीट बोल की मेल्या!"

सेइगोचे कान लाल झाले. त्यानं किमोनो नीट केला, पाय जुळवले आणि कमरेतून वाकून, जमिनीकडं बघत म्हणाला, "मंडळाला नाही. मला."

हिसानोनं आधी त्याचे लाल कान डोळे भरून बघून घेतले. तो वाकलेलाच राहिला, बिचारा.

"सेइगो," ती म्हणाली, "एवढ्याशा गोष्टीला वर्ष कशाला लागतं तुम्हाला? गाणं मी इथंच बसून रचणार आहे. काकू, खोली अजून रिकामी आहे ना?"

"खोली आहे!" काकू डोळे पुसत ओरडल्या. "आणि याला सांग, सरळ उभं राहायला. बाया बघताहेत!"